परमानंदांची जिजाऊ

कवींद्र परमानंदांच्या ‘शिवभारता’त आरंभीच शिवरायांची एक मागणी आहे. माझे चरित्र काव्यात सांगा, पण सुरुवात आजोबांपासून, मालोजीराजांपासून करा, असे ते कवीला सांगतात. त्यामुळे या संस्कृत काव्याची पहिली पाने आमच्याच मुलखात उलगडतात. मालोजीराजे वेरूळचे. कवी नेवाशाचा, गोदावरीच्या पलीकडचा. आणि ज्या दौलताबादेत जिजाऊंचे माहेर एका दिवसात उद्ध्वस्त झाले, तो किल्ला छत्रपती संभाजीनगरातून वेरूळला जाताना वाटेतच लागतो. मराठवाड्यातल्या वाचकाला हे काव्य म्हणूनच वेगळे लागते. त्याला त्यातली अंतरे पायाखालची असतात.

‘शिवभारत’ शिवचरित्राचे साधन म्हणून फार वापरले गेले. स. म. दिवेकरांनी 1927 मध्ये मराठी भाषांतरासह ते छापले, तेव्हापासून तारखा आणि लढाया यांसाठी ते उलटसुलट तपासले गेले आहे. काव्य म्हणून मात्र ते कमी वाचले जाते. मला त्यात सर्वांत जिवंत वाटते ती आई, जिजाऊ. मुलाने आपल्या घराण्याची कथा सांगायला लावली आणि कवीने त्या कथेत आईला खरोखर चालते-बोलते केले.

आधी तिच्या भोवतीचे रक्त पाहावे लागते. निजामशाही दरबारातून सरदार बाहेर पडत असताना खंडागळ्यांचा हत्ती बिथरतो, त्याला आवरण्यावरून जाधव आणि भोसले एकमेकांवर धावून जातात. जिजाऊंचे भाऊ दत्ताजी हे भोसल्यांच्या संभाजीच्या हातून पडतात. हा संभाजी शहाजीराजांचा चुलतभाऊ. मागे फिरलेले जिजाऊंचे वडील लखुजीराव त्याला ठार करतात आणि त्याच झुंजीत जावई शहाजीराजे जखमी होतात. परमानंद हा प्रसंग अतिशय वेगाने सांगतात. अनुष्टुभाची छोटी चाल इथे त्यांच्या फार उपयोगी पडते, वार आणि प्रतिवार एकामागून एक येतात. कवीचे सारे लक्ष शस्त्रांवर आहे. पण वाचकाच्या मनात एक बाई उभी राहते, जिला दोन्हीकडच्या प्रेतांसाठी रडायचे आहे. पुढे 1624 च्या भातवडीच्या लढाईत तिचे वडील मोगलांकडून आणि नवरा निजामशाहीकडून उभे राहिले.

मग दौलताबाद. जुलै 1629 मध्ये निजामशहाच्या दरबारात लखुजीराव, त्यांचे दोन मुलगे आणि एक नातू कापले गेले. शिवजन्माची जी तिथी परमानंदांनी दिली आहे, फाल्गुन वद्य तृतीया, शके 1551, म्हणजे 19 फेब्रुवारी 1630, ती या घटनेशेजारी ठेवली की अंगावर काटा येतो. बातमी आली तेव्हा जिजाऊंना दिवस गेलेले होते.

हे मनात ठेवूनच त्यांच्या डोहाळ्यांचे वर्णन वाचावे. गर्भवतीचे डोहाळे हा संस्कृत काव्यातला जुना संकेत. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तली सुदक्षिणा माती खाते, कारण तिचा मुलगा पृथ्वी भोगणार आहे. परमानंद संकेत पाळतात आणि त्याला आपल्या डोंगरांत आणून सोडतात. त्यांच्या जिजाऊला हत्तीवर बसावेसे वाटते, गडांवर चढावेसे वाटते, पांढऱ्या छत्राखाली सिंहासनावर बसावे, नौबती ऐकाव्यात, धनुष्य आणि तलवार घेऊन झुंजावे असे वाटते. अवताराची चाहूल म्हणून कवीने हे लिहिले, हे उघड आहे. शिवराय त्याच्या लेखी विष्णूच आहेत. तरी माझे वाचन वेगळे आहे. ज्या मुलीचा बाप परक्या दरबारात विश्वासाने गेला आणि मारला गेला, तिला स्वतःचे सिंहासन आणि स्वतःचा गड हवासा वाटणे याला अवताराची गरज नाही. संकेताच्या आड परमानंदांनी एक खरे दुःख नेमके पकडले आहे. इतरत्र ते रूपगुणांची ठरावीक स्तुती करतात, ती पाने मी भरभर उलटतो. इथे थांबतो.

आणि थांबतो पन्हाळ्याच्या प्रसंगापाशी. 1660. सिद्दी जौहरचा वेढा पडला आहे, शिवराय आत अडकले आहेत, पुण्याकडे शायिस्ताखान उतरला आहे. जिजाऊंचे वय साठीच्या पुढे. आदल्या वर्षी सून सईबाई गेल्या आहेत आणि तीन वर्षांचा नातू संभाजी या आजीच्याच पदराखाली आहे. अशा वेळी त्या ठरवतात की आपणच जाऊन मुलाला सोडवून आणायचे. निघण्याच्या तयारीत असताना सेनापती नेताजी पालकर आणि सिद्दी हिलाल येतात आणि ही कामगिरी आपल्यावर घेतात.

या प्रसंगाचे सौंदर्य असे की कवी आईला रडवत नाही, नवसही बोलायला लावत नाही. ती रागाने सेनापतीला त्याचे काम दाखवते. नेताजींचा हल्ला पुढे यशस्वी होत नाही, जौहर त्यांना परतवतो, आणि कवी तेही लपवत नाही. त्यामुळेच तिच्या रागावर आपला विश्वास बसतो. एवढा घरगुती तपशील कवीला घरातूनच कळला असणार असे मला वाटते. हा राग वर्णन करायला सांगणारा बहुधा मुलगाच असेल.

काव्य बत्तिसाव्या अध्यायात नऊ श्लोकांवर तुटते. त्याची कथा 1661 च्या सुमाराला थांबते, जिजाऊ मात्र 1674 पर्यंत जगल्या. शहाजीराजे गेल्यावर त्या सती जायला निघाल्या तेव्हा शिवराय त्यांच्या मांडीवर बसून राहिले, हे सभासदाच्या बखरीतून कळते. 6 जूनचा राज्याभिषेक पाहून 17 जूनला पाचाडला त्यांनी डोळे मिटले. यातले परमानंदांकडे काही नाही.

मला सर्वांत जास्त उणीव भासते ती 1666 ची. मुलगा आग्र्याच्या कैदेत, सोबत नऊ वर्षांचा नातू, आणि मागे राज्याचा कारभार आजीच्या हाती. परमानंद स्वतः त्या वेळी आग्र्याला गेले होते, राजस्थानी पत्रांत त्यांचा उल्लेख सापडतो. आग्र्याची बाजू त्यांना डोळ्यांनी पाहून लिहिता आली असती. मागे राहिलेल्या राजगडाची बाजू लिहिण्यासाठी त्यांना जिजाऊंसमोर जाऊन बसावे लागले असते आणि त्या सांगतील ते ऐकावे लागले असते. तो अध्याय मला वाचायला हवा होता.