टॉर्चमधली तांब्याची नळी

आर्गन वेल्डिंगचं कौतुक बहुधा बाहेरून होतं. डेअरीच्या स्टेनलेस पाइपवर एकाला एक लागून बसलेले सारखे खवले पाहिले की वेल्डरच्या हाताला दाद मिळते, मशीनलाही मिळते. ज्या भागाच्या पकडीवर तो हात विसंबलेला असतो, त्याच्याकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. तो भाग म्हणजे कोलेट. १७, १८ आणि २६ नंबरच्या टॉर्चना चालणारी कोलेट म्हणजे साधारण ५० मिलिमीटर लांबीची तांब्याची बारीक नळी. पुढच्या टोकाला उभ्या चिरा, टोक किंचित निमुळतं. बस्स, एवढंच. इतक्या थोड्या रेषांत इतकं काम उरकणारी रचना मला दुसरी चटकन आठवत नाही.

ती वाचायची तर मागून, टॉर्चच्या मागच्या टोपीपासून, म्हणजे बॅक कॅपपासून वाचावी. कॅप आवळली की ती कोलेटला पुढे ढकलते. कोलेट जिच्यात बसते त्या कोलेट बॉडीच्या आत उतरती बैठक असते. निमुळतं टोक तिच्यात शिरतं, चिरा मिटत जातात आणि नळीतली टंगस्टनची सळई, जिच्या टोकाशी आर्क पेटते, चहूबाजूंनी आवळली जाते. आत वेगळा स्क्रू नाही, स्प्रिंगही नाही. शिवाय ज्या पकडीनं टंगस्टन जागेवर राहतं, तिच्यातूनच शंभर-दीडशे अँपिअर करंट त्याच्यात जातो आणि टोकाची उष्णताही त्याच वाटेनं मागे येते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, तांबं १,०८५ अंशांना. इतकी तफावत असूनही तांबं टिकतं, कारण दोन्ही धातू पुरते अंगाला अंग लावून बसलेले असतात आणि भोवतीनं थंड आर्गन वाहत असतो.

कोलेटचा टिकाऊपणा याच टेकण्यात आहे. पकड जरा ढिली पडली की धातू थोड्याच ठिकाणी टेकतो, तिथे रोध वाढतो, नळी तापते, तांबं मऊ पडतं आणि पकड आणखी सुटते. आर्क भटकायला लागली की वेल्डर सवयीनं कॅपला आणखी एक पीळ देतो. कोलेटचा घात होतो तो इथे. पुढचं टोक बैठकीत रुतलेलं असतं आणि पीळ मागून येतो, त्यामुळे मऊ झालेल्या चिरा तिरक्या होतात. टाकून दिलेली कोलेट उजेडात धरून पाहा. सरळ कापलेल्या चिरा वळलेल्या दिसतील आणि आतून बारीक काळे खड्डे. बाहेर उडायची ठिणगी तिथे नळीच्या आतच उडालेली असते.

म्हणून विकत घेताना आधी धातू पाहावा. शुद्ध तांबं कापायला चिवट, त्यामुळे चिरांच्या कडेला बर, म्हणजे कापाची खरखर, राहते. त्यात साधारण अर्धा टक्का टेल्युरियम मिसळलं की कापायला सोप्या पितळेला १०० धरणाऱ्या, कापण्याची सुलभता मोजणाऱ्या मोजपट्टीवर ते २० वरून ८५ पर्यंत येतं, आणि वीजवाहकता तरीही नव्वद टक्क्यांच्या वर राहते. चिरा स्वच्छ, एकसारख्या उतरतात त्या यामुळे. पितळेची कोलेट हाताला टणक लागते, पण वीज वाहून नेण्यात ती तांब्याच्या जेमतेम पाव. टणकपणाला भुलून ती घेणं मला साफ चुकीचं वाटतं. कोलेटमध्ये मोल आहे ते पकडीचं.

टंगस्टनभोवती आर्गन सोडणाऱ्या सिरॅमिक कपचं गणित सोपं आहे: ६ नंबर म्हणजे तोंडाचा व्यास इंचाचे ६ सोळांश भाग, साधारण साडेनऊ मिलिमीटर. तो फुटतो, बदलायचा. साध्या कोलेट बॉडीऐवजी बसवायच्या गॅस लेन्सच्या बारीक जाळ्यांमुळे आर्गन शांतपणे, सरळ धारेत उतरतो आणि कोपऱ्यातल्या कामासाठी टंगस्टन जास्त बाहेर काढता येतं. जिथे कप पोचत नाही तिथे तिच्यावर खर्च जरूर करावा. पण कोलेट ढिली असेल तर गॅस लेन्सही काही वाचवू शकत नाही.

दुकानात टंगस्टन सोबत घेऊन जा. ते नव्या कोलेटमधून न अडकता सरकलं पाहिजे आणि डुगडुगताही कामा नये. चिरा सारख्या अंतरावर आहेत का, टोकाला बर आहे का, ते नखानं तपासा. कॅप बोटांच्या जोरावर बसेल तेवढीच आवळा, पक्कड लावू नका. आर्क बंद झाल्यावर टॉर्च लगेच उचलू नका, आठ-दहा सेकंद आर्गन वाहू द्या. टंगस्टनचं टोक निळं-काळं पडत असेल तर बॅक कॅपची रबरी रिंग आधी पाहा. आणि चिरा वळलेली कोलेट पुन्हा डब्यात ठेवू नका, भंगारात टाका.