‘नातीगोती’ आणि बाजेला बांधलेलं पोर

जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाचे आईबाप मराठी रंगभूमीवर आणले, हे मान्य. पण ते आईबाप पांढरपेशे. त्यांच्या घुसमटीला आपली समीक्षा शोकांतिका म्हणते. अकोला-अमरावतीकडे कपाशी निंदायला जाणारी बाई असं पोर बाजेला दाव्याने बांधून जाते. घरी थांबली तर मजुरी बुडते. सांजच्याला तिचा थकलेला हात त्याच पोरावर उठतो, आणि नवऱ्याचा तिच्यावर. तिला मात्र क्रूर ठरवून आपण मोकळे! मारणं समर्थनीय नाहीच. मार खाणाऱ्या त्या पोराला तक्रारही करता येत नाही. पण तिच्या घुसमटीला शोकांतिकेचा दर्जा का नाही?

बांधणंही निभेनासं झालं की पोर टाकलं जातं. अचलपूर तालुक्यातल्या वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी अशी टाकलेली मुलं वाढवली, बाप म्हणून स्वतःचं नाव दिलं. २०२४ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. १८ वर्षांनंतरही मुलांना तिथेच राहू द्या, ही त्यांची जुनी मागणी. टाकण्याआधी त्या घरांत काय घडलं, ते मात्र साहित्यात नाही. आपल्या आत्मकथनांतली आई कष्टते, सोसते. पोराला बांधणारी आई लिहायला आपणही कचरलो.