मूळ प्रत कोणती?

कुरखेड्यात रात्री दहानंतर मोबाइलचे नेटवर्क जरा मोकळे होते. तेव्हा मी फोन संगणकाला जोडतो आणि डेबियनचे अपडेट उतरवून घेतो. पडद्यावर पॅकेजांची नावे सरकत जातात, नावांपुढे आकडे. संगणकाचे शिक्षण मी कुठे घेतलेले नाही. जुन्या पोथ्यांचे पाठभेद टिपून ठेवण्यासाठी यंत्र घेतले आणि त्यातच गुंतलो. पुढे लक्षात आले, की पोथीच्या अभ्यासकाला पडणारा प्रश्न या सरकत्या ओळींतही आहे. मूळ संहिता आणि आपल्या हाती आलेली प्रत यांच्यामध्ये कोणाकोणाचा हात फिरला?

डेबियन ही इयान मरडॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेली, जगभरच्या स्वयंसेवकांनी चालवलेली संगणकप्रणाली. आपल्या सी-डॅकची ‘बॉस’ प्रणाली तिच्याच पायावर उभी आहे. डेबियनमधले बहुतेक प्रोग्रॅम दुसऱ्यांनी लिहिलेले असतात; डेबियनचा कार्यकर्ता संपादकाचे काम करतो. ‘ॲप्ट सोर्स’ असा आदेश दिला, की बहुतेक पॅकेजांच्या बाबतीत दोन गोष्टी मिळतात. लेखकाने प्रसिद्ध केलेली सोर्स कोडची गठडी एका बाजूला, आणि डेबियनने त्यावर केलेल्या दुरुस्त्या वेगळ्या, दुसऱ्या बाजूला.

ही मांडणी किती मोलाची आहे, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये, असे बजावले. पण त्यांनी स्वतः कोणते पाठ गाळले, याची यादी त्यांनी मागे ठेवली नाही. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तेव्हा नाकारलेले पाठही तळटीपांत दिले. संपादकाचा निर्णय वाचकाला तपासता यावा, हा त्यामागचा विचार. डेबियनची पद्धत या दुसऱ्या परंपरेतली आहे.

मग ती फसते कुठे? दोन प्रसंग पाहू.

सप्टेंबर २००६ मध्ये डेबियनच्या ओपनएसएसएल या पॅकेजात एक दुरुस्ती झाली. गुप्त किल्ल्या तयार करणारे हे साधन. व्हॅलग्राइंड हे तपासणीचे अवजार तिथल्या कोडबद्दल तक्रार करत होते, म्हणून संपादकाने सद्हेतूने त्या ओळी निष्प्रभ केल्या. तक्रार थांबली, पण किल्ल्यांमधली यादृच्छिकताच गेली. एका प्रकारच्या आणि एका लांबीच्या किल्ल्या जेमतेम ३२ हजारांच्या आसपास उरल्या, म्हणजे एकेक लावून पाहता येतील इतक्या. हे उघड झाले १३ मे २००८ रोजी. तोवरचे सुमारे वीस महिने ती दुरुस्ती कोणालाही वाचता येईल अशी उघड्यावर पडून होती.

दुसरा प्रसंग २०२४ चा. एक्सझेड हे फायली आवळून लहान करणारे साधन एकच गृहस्थ बिनपगारी सांभाळत होते. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षे मदत करत त्यांचा विश्वास मिळवला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. अँड्रेस फ्रॉइंड यांना डेबियनच्या ‘अनस्टेबल’ शाखेत दूरस्थ लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागताना दिसला. त्यांनी शोध घेतला आणि २९ मार्च २०२४ रोजी तो जाहीर केला. ‘स्टेबल’ शाखा बचावली होती.

या प्रक्षेपाची जागा पाठचिकित्सकाने नीट पाहावी. चोरदरवाजा जागा करणारी ओळ सार्वजनिक कोडभांडारात नव्हती. ती फक्त प्रसिद्धीसाठी बांधलेल्या गठडीत होती. हस्तलिखित निर्दोष आणि छापखान्यात गेलेली प्रत भ्रष्ट, असा हा प्रकार. एकाच सोर्सवरून अनेकांनी स्वतंत्रपणे पॅकेज बांधून ते हुबेहूब जुळते का हे पाहण्याची मोहीम डेबियनमध्ये २०१३ पासून चालू आहे. पण गठडीच भ्रष्ट असेल, तर सगळ्यांची बांधणी सारखीच भ्रष्ट निघेल. डेबियनने ‘मूळ’ म्हणून जे जपले, ते मूळ नव्हते. माझा आक्षेप इथे आहे. गठडी आणि भांडार यांची ताडणी हा संपादनाचाच भाग मानला पाहिजे.

आणखी एक योगायोग मला अस्वस्थ करतो. फ्रॉइंड यांच्या संशयामागेही व्हॅलग्राइंडच्याच तक्रारी होत्या. २००६ मध्ये अवजाराची कुरकुर गप्प केली गेली. २०२४ मध्ये तिच्याकडे एकाने कान दिला. कोड दोन्ही वेळा जगापुढे होता. तो उघडा असला की पाहणारे डोळे पुष्कळ, म्हणून चूक टिकत नाही, हा या चळवळीचा लाडका समज. डोळे पुष्कळ असतीलही. थांबून वाचणारा लागतो, आणि जो वाचतो त्याला पोटापुरते कोण देते, हा प्रश्न एक्सझेडने अनुत्तरित ठेवला.

त्या घटनेनंतर डेबियनने जे पॅकेज पाठवले, त्याचा आवृत्ती-क्रमांक मी वहीत उतरवून ठेवला आहे: ‘५.६.१+रिअली५.४.५-१’. क्रमांक खाली आला तर यंत्र त्याला नवे अपडेट मानत नाही. म्हणून पुढचा आकडा कायम ठेवून ‘खरे तर ५.४.५’ असे नावातच लिहिले. एवढे प्रामाणिक शुद्धिपत्र आपल्या छापील पुस्तकांत मला क्वचित दिसले आहे.

आमच्या तालुक्यातही दाखले, सातबारा, बँक सगळे आता संगणकावर आले आहे. त्यातले बहुतेक प्रोग्रॅम असे आहेत, की त्यांची संहिता आम्हाला कधी पाहायला मिळणार नाही. डेबियनची मिळते. ती वाचण्याइतका मी शिकलेलो नाही. पण दुरुस्ती का केली, हे सांगणाऱ्या नोंदी वाचता येतात. अपडेट संपले की मी रोज एका पॅकेजाची नोंद वाचतो, मगच फोन काढून घेतो.