वीतभर अँटेना, हातभर दावे

एखाद्या वस्तूच्या पाकिटावर ‘सर्वोत्तम’ असे छापलेले दिसले की विज्ञानाच्या शिक्षकाने तीन प्रश्न विचारावेत. कशासाठी उत्तम? कशाच्या तुलनेत? आणि ते कोणी, कसे मोजले? या वेळी हे प्रश्न आम्ही एका लहानशा वस्तूला विचारणार आहोत. ती वस्तू म्हणजे हातात धरायच्या रेडिओ स्कॅनरची आखूड अँटेना.

साधा रेडिओ आपण एका केंद्रावर लावून ठेवतो. स्कॅनर मात्र एकामागून एक अनेक वारंवारता चाळत जातो आणि जिथे संदेश सापडेल तिथे थांबतो. अमेरिकेत हा छंद बराच रुजलेला आहे. कोणी वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांचे बोलणे ऐकतो, कोणी रेल्वेचे संदेश ऐकतो. वादळाच्या दिवसांत तिथल्या हवामान सेवेचे १६२.४०० ते १६२.५५० मेगाहर्ट्झवरचे अखंड प्रसारणही याच यंत्रावर ऐकता येते. वादळाचा इशारा ऐकू येतो की नाही, हा नुसता हौसेचा प्रश्न राहत नाही.

यंत्राबरोबर रबरी आवरणाची एक आखूड अँटेना मिळते. तिच्या जागी लावायच्या ‘अधिक चांगल्या’ अँटेना वेगळ्या विकत मिळतात. पाकिटावर साधारण असे काहीतरी असते : ‘२५ ते १३०० मेगाहर्ट्झ, लाभ २.१५ डीबी, लांबी १५ सेंटिमीटर’. यातला प्रत्येक आकडा तपासून पाहू.

आधी थोडे गणित. यंत्रावर उभी राहणारी अँटेना तरंगलांबीच्या पाव भागाइतकी असली की ती त्या तरंगाशी अनुनादित होते. ७५ ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागले की ही पाव लांबी मीटरमध्ये मिळते. विमानांच्या संभाषणाचा पट्टा ११८ ते १३७ मेगाहर्ट्झ आहे. त्याच्या मध्यावर, म्हणजे १२७ ला, उत्तर येते ५९ सेंटिमीटर. हवामान प्रसारणासाठी ४६, तर ४६० मेगाहर्ट्झसाठी १६ सेंटिमीटर. म्हणजे आपली १५ सेंटिमीटरची अँटेना ४६० ला जवळजवळ पूर्ण मापाची आहे, हवामानाला तिसऱ्या हिश्शाची आणि विमानांना जेमतेम चौथ्या हिश्शाची. अँटेना एकच, पण ती आखूड आहे की पुरेशी, हे आपण काय ऐकणार त्यावर ठरते.

मग आवरणाच्या आत तार स्प्रिंगसारखी गुंडाळून लांबी भरून काढली तर? अनुनाद जरूर साधतो, पण हवेतून पकडण्याची ताकद गुंडाळीने भरून येत नाही. या ताकदीचे एक माप म्हणजे प्रारण-रोध. आदर्श जमिनीवरच्या पूर्ण पाव लांबीच्या तारेसाठी तो सुमारे ३६ ओहम असतो. १५ सेंटिमीटरच्या सरळ तारेसाठी १२७ मेगाहर्ट्झला तो दीड ओहमच्या आसपास उतरतो. तारेचा आणि गुंडाळीचा स्वतःचा रोध मग त्याच्या तोडीचा होऊन बसतो आणि पकडलेल्या ऊर्जेचा मोठा वाटा उष्णता होऊन जातो.

यामागचा नियम जुना आहे. हॅरॉल्ड व्हीलर यांनी १९४७ मध्ये आणि एल. जे. चू यांनी १९४८ मध्ये लहान अँटेनांच्या मूलभूत मर्यादा दाखवून दिल्या. त्यांचा सारांश असा की, आकाराने लहान, पट्ट्याने रुंद आणि कार्यक्षम या तिन्ही गोष्टी एकाच अँटेनेत पुरेपूर मिळत नाहीत. ‘२५ ते १३००’ हा दावा या कसोटीवर पाहावा. तो खोटा म्हणता येत नाही, कारण कोणतीही तार या सगळ्या वारंवारतांवर काही ना काही पकडतेच. पण किती पकडते हे तो सांगत नाही. आमच्या मते दाव्याचा खरा दोष हाच आहे.

आता ‘२.१५ डीबी’. डेसिबल हे तुलनेचे माप आहे. कशाशी तुलना, हे सांगितले नाही तर आकड्याला अर्थ नाही. सर्व दिशांना सारखे प्रारण करणाऱ्या काल्पनिक अँटेनेशी तुलना केली, तर अर्ध्या तरंगलांबीच्या साध्या द्विध्रुवाचा लाभ २.१५ डेसिबल येतो. म्हणजे हा मोठा वाटणारा आकडा ‘साध्या द्विध्रुवाइतकी’ एवढेच सांगतो. वीतभर अँटेनेने विमानांच्या पट्ट्यात तेवढे गाठणे तर दूरच.

छंदिष्टांची परीक्षणे तरी भरवशाची असतात का? पुष्कळांची पद्धत अशी की, दोन अँटेना आळीपाळीने लावायच्या आणि पडद्यावरच्या पट्ट्या मोजायच्या. त्या पट्ट्या म्हणजे मोजपट्टी नव्हे, एका पट्टीचे मोल यंत्रागणिक बदलते. आवाजाच्या मोठेपणावरूनही निर्णय करता येत नाही, कारण संदेश क्षीण झाला तरी आवाजाची पातळी टिकवण्याची सोय यंत्रातच असते. अशा वेळी खरखर वाढते, ऐकायची तीच.

या परीक्षणांतून आणखी एक गोष्ट वारंवार सुटते. यंत्रावरची तार ही अर्धीच अँटेना आहे. उरलेला अर्धा भाग यंत्राचा धातू आणि ते धरणारा हात मिळून होतो. यंत्र हातातून टेबलावर ठेवले तरी फरक पडतो. म्हणूनच कित्येक जण जोडाच्या बाहेरच्या कड्याला पाव लांबीची एक मोकळी तार बांधून खाली सोडतात. चार पैशांच्या या तारेने पुष्कळदा महागड्या अँटेनेपेक्षा अधिक फायदा होतो.

आखूड अँटेनेची बाजूही ऐकायला हवी. ती खिशात मावते, डोळ्यात जात नाही, आणि लांब दांडीसारखा जोडावर ताण देत नाही. जोरदार प्रक्षेपकाच्या जवळ तर तिचे कमी पकडणे गुणच ठरतो. तिथे लांब अँटेना यंत्राला इतके भरून टाकते की, आतल्या आत संदेशांची सरमिसळ होऊन नसलेली केंद्रे ऐकू येतात.

तेव्हा आमचा निर्णय असा. आधी वारंवारता ठरवावी, मग लांबी. ४०० मेगाहर्ट्झच्या वर ऐकायचे असेल तर वीतभर अँटेना खुशाल घ्यावी. विमाने किंवा हवामान ऐकायचे असेल तर त्याच एका पट्ट्यासाठी बनवलेली आखूड अँटेना घ्यावी, किंवा लांबी जुळवता येईल अशी सरकती दांडी. सगळ्यासाठी एकच आखूड अँटेना हवी असेल तर घ्या, पण ती तडजोड आहे हे जाणून घ्या.

भारतात प्रसारणाचे रेडिओ सोडून इतर बिनतारी संच बाळगण्याला परवान्याचे नियम आहेत. वर्गासाठी साधा एफएम रेडिओच घ्यावा. १०० मेगाहर्ट्झला पाव लांबी ७५ सेंटिमीटर येते. एखादे क्षीण केंद्र लावा आणि दांडी दहा-दहा सेंटिमीटरने आत सरकवत जा. एक विद्यार्थी पाठ करून बसेल आणि फक्त खरखर वाढली की कमी झाली एवढेच लिहील. मग रेडिओ हातात धरून आणि खाली ठेवून तेच पुन्हा करा. पुष्कळ मोबाइल फोनवर इयरफोनची वायर लावल्याशिवाय एफएम का लागत नाही, हेही विचारा. ती वायरच तिथे अँटेना असते.

पाठ करून बसवायचे कारण मुलांना जरूर सांगावे. महागडी अँटेना लावलेली दिसली की कानाला आपोआप चांगले ऐकू येते. एवढे एकदा कळले की पुढच्या पाकिटावरचे ‘सर्वोत्तम’ मुले आपणच तपासू लागतील.