हक्क आहे, पण देणेकरी कोण?

विकासाच्या हक्कासंबंधीची दोन लेखने शेजारी शेजारी ठेवून वाचण्यासारखी आहेत. एक, पोप सहावे पॉल यांचे २६ मार्च १९६७ चे परिपत्रक ‘पोप्युलोरुम प्रोग्रेस्सिओ’. दुसरे, संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने ४ डिसेंबर १९८६ रोजी संमत केलेला विकासाच्या हक्काचा जाहीरनामा.

जाहीरनाम्याची भाषा उदात्त आहे. विकासाच्या केंद्रस्थानी माणूस आहे, आणि हा हक्क प्रत्येक व्यक्तीचा व सर्व लोकसमूहांचा आहे, असे तो सांगतो. त्याच्या बाजूने १४६ मते पडली, आठ राष्ट्रे तटस्थ राहिली, विरोधात एकट्या अमेरिकेचे मत होते. तथापि दहा कलमांच्या या लेखनात एक वैगुण्य राहून गेले आहे. हक्क कोणाचा, हे ते स्पष्ट सांगते. देणे कोणी व किती फेडायचे, हे मात्र मोघम ठेवते. शिवाय ते बंधनकारक नाही. ज्या हक्काला देणेकरी सापडत नाही, तो सदिच्छेच्या पलीकडे फारसा जात नाही.

परिपत्रक येथे अधिक नेमके आहे. गरजेपोटी मजुराने दिलेली संमती म्हणजे मजुरी न्याय्य असल्याची हमी नव्हे, असे पोप तेरावे लिओ यांनी १८९१ मध्ये ‘रेरुम नोव्हारुम’मध्ये शिकविले होते. पोप पॉल तेच सूत्र राष्ट्रांच्या व्यापाराला लावतात. उभय पक्षांचे बळ विषम असेल, तर केवळ संमतीमुळे करार न्याय्य ठरत नाही.

पिंपरीकरांना याचे उदाहरण शोधायला दूर जावे लागत नाही. ज्याला आपण ‘एच. ए.’ म्हणतो, तो हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना १९५४ मध्ये युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने स्थापन झाला. या मदतीत औषधाच्या बाटल्या नव्हे, तर औषध बनविण्याची यंत्रे व विद्या मिळाली. आणि पिंपरीत पेनिसिलिन तयार होऊ लागले. पुढे आयात खुली झाली, चीनमधून स्वस्त माल आला आणि देशातील पेनिसिलिनचे मूळ उत्पादन मावळत गेले. स्वस्त औषधाचा रुग्णाला लाभ झाला, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. मात्र विद्या हातची गेली. कारखान्याची देणी भागविण्यासाठी जादा जमीन विकण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाला २०१६ मध्ये घ्यावा लागला; आणि २०२० मध्ये सरकारने देशी उत्पादनाला उत्तेजन देण्याची योजना आखली, तेव्हा तिच्या यादीत पेनिसिलिन होते. मदतीने दिलेले व्यापाराने परत नेले, आणि त्यासाठी कोणाला बळजबरी करावी लागली नाही.

म्हणूनच हे परिपत्रक आपल्या घरात वाचले गेले पाहिजे. श्रीमंत राष्ट्रांना दोष देताना आपल्याला मोठे समाधान वाटते. परंतु चाकणच्या कारखान्यांच्या दारात मराठवाड्यातून, बिहारमधून आलेला तरुण कंत्राटी कामाच्या कागदावर सही करतो, तेव्हा त्याची संमतीही गरजेपोटीच दिलेली असते. त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूला कधी ठेकेदार, कधी पर्यवेक्षक, कधी लहान वर्कशॉपचा मालक असतो. आणि त्यांपैकी काहीजण रविवारी आपल्याच बाकावर मिस्सेला बसतात.

जाहीरनाम्याला न सापडलेला देणेकरी निदान तेथे तरी आपल्याला ओळखता यावा.