मानभंग, रसांतर आणि प्रणय-रहस्यकथेतील अस्थिर युगुल

प्रणय आणि रहस्य ही दोन सूत्रे एकत्र गुंफणाऱ्या कथात्म साहित्यात एका विशिष्ट युगुलाची वारंवार भेट होते. नायक-नायिका एकत्र येतात, क्षुल्लक वा गंभीर कारणाने दुरावतात, संकटाच्या क्षणी परस्परांच्या आधाराला धावतात आणि संकट टळताच पुन्हा विलग होतात. मालिकारूप कादंबऱ्यांत तर मागील पुस्तकाच्या अखेरीस जुळलेले नाते पुढील पुस्तकाच्या पहिल्या प्रकरणात तुटलेले असते. अशा युगुलाविषयी वाचकाला ओढ वाटते आणि त्याच वेळी वैतागही येतो. लोकप्रिय वाङ्मयाचा एक किरकोळ दोष म्हणून समीक्षेने सामान्यतः या वैतागाची बोळवण केली आहे. परंतु दमयंतीचा विरह किंवा शकुंतलेचा अव्हेर वाचताना हाच वाचक वैतागत नाही, व्याकूळ होतो. विरह दोन्हीकडे आहे. मग प्रतिक्रियेत हा भेद का पडावा, हा प्रश्न तौलनिक साहित्याभ्यासाने गांभीर्याने घ्यावा असा आहे.

या प्रश्नाच्या उलगड्यासाठी संस्कृत साहित्यशास्त्रातील विप्रलंभविचार उपयुक्त ठरतो. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त विप्रलंभ शृंगाराचे पूर्वराग, मान, प्रवास आणि करुण असे चार भेद सांगितले आहेत. प्रवासात वियोगाचे कारण युगुलाच्या बाहेर असते : शाप, राजाज्ञा, देशांतर. मानात मात्र दोघे समीप असूनही दूर असतात आणि वियोगाचे कारण नात्याच्या आतच असते. मान कधी प्रणयाचा, म्हणजे सबळ कारणावाचूनचा, तर कधी ईर्ष्येचा. प्रवासजन्य विरहात वाचक युगुलाच्या बाजूने उभा राहून दैवाशी भांडतो. मानजन्य विरहात भांडण युगुलातच असल्यामुळे त्याला न्यायाधीश व्हावे लागते, आणि न्यायाधीशाला कारणे हवी असतात. आधुनिक प्रणय-रहस्यकथा बाह्यतः प्रवासाची सामग्री वापरते; अपहरण, पाठलाग, खोटा आरोप, बेपत्ता होणे या साऱ्या घटना प्रवासाच्याच कुळातल्या होत. तिच्यातील युगुलाचा खरा दुरावा मात्र मानाच्या कोटीतला असतो. वाचकाच्या वैतागाचे मूळ या विसंगतीत आहे.

मान दूर करण्याचे सहा उपाय धनंजयाच्या 'दशरूपका'त आणि पुढे 'साहित्यदर्पणा'त सांगितले आहेत : साम, भेद, दान, नती, उपेक्षा आणि रसांतर. यांतील पहिल्या पाच उपायांत कोणीतरी कोणाशी तरी वागत असते. गोड बोलणे, सखीला आपल्या बाजूला वळवणे, काही देणे, पायांवर लोटांगण घालणे, किंवा हे सारे थकल्यावर गप्प राहणे, या सर्व मानवी कृती आहेत. सहावा उपाय मात्र उपाय नसून अपघात आहे. अकस्मात भय, हर्ष वा धांदल उत्पन्न होते आणि रुसवा गळून पडतो.

रसांतराचे सर्वांत भव्य चित्र महाराष्ट्रात वेरूळ येथे, राष्ट्रकूट काळातील कैलास लेण्यात पाहावयास मिळते. रावण कैलास पर्वत हलवीत आहे, पार्वती भयभीत होऊन शिवाला बिलगली आहे, मागे दासी पळत सुटली आहे आणि शिव निश्चल आहे. माघाच्या 'शिशुपालवधा'तही रावणाच्या या कृत्यामुळे शंकराला पार्वतीचे स्वयंस्फूर्त आलिंगन लाभल्याची कल्पना आली आहे. पर्वत हलला आणि आलिंगन घडले, इतकेच शिल्प सांगते. पर्वत स्थिर झाल्यावर काय झाले, हे ते सांगत नाही. सांगण्याची त्याला गरजही नाही, कारण शिल्प एका क्षणाचे असते. कादंबरीला हा विशेषाधिकार नाही. तिला दुसऱ्या दिवसाची सकाळ दाखवावी लागते.

प्रणय-रहस्यकथेची रचना मुख्यतः या सहाव्या उपायावर उभी असते. गोळी सुटते, दार फुटते, मोटारीखाली स्फोट होतो आणि रुसलेली नायिका नायकाच्या बाहुपाशात येते. भयाने मान गळतो, परंतु मानाचे कारण तसेच राहते. म्हणून भय ओसरताच मान परततो आणि लेखकाला नवे भय निर्माण करावे लागते. संस्कृत नाट्यशास्त्रातील आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम या पाच कार्यावस्थांच्या परिभाषेत सांगावयाचे तर अशी मालिका प्राप्त्याशेपाशीच फिरत राहते. विलंबाची वाचकाला तक्रार नसते, कारण विलंब हा कथेचा प्राणच होय. मीलनाने काही निश्चित होत नाही आणि दुराव्यातून कोणी काही शिकत नाही, ही त्याची खरी तक्रार असते.

मराठी कादंबरीच्या आरंभकाळात ही तक्रार या स्वरूपात संभवत नव्हती. लक्ष्मण मोरेश्वर हळबे यांची 'मुक्तामाला' (१८६१) किंवा नारो सदाशिव रिसबूड यांची 'मंजुघोषा' (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांत वियोग आहे, कारस्थाने आहेत, योगायोग तर विपुल आहेत. परंतु वियोगाचे कारण खलपुरुषात वा दैवात आहे, नायक-नायिकांच्या मनात नाही. काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी १८७२ मध्ये 'नावल व नाटक ह्यांविषयी निबंध' लिहिला, तेव्हा अशा कथांवरील त्यांचा आक्षेप मुख्यतः असंभाव्यतेचा होता. एकनिष्ठ युगुलाच्या मार्गात इतके चमत्कार का यावेत, असे त्या काळी विचारता येत होते. हे युगुल स्वतःच आपला मार्ग का अडवते, हा प्रश्न नायिकेला नकाराचा अधिकार मिळाल्यानंतरचा आहे.

ना. सी. फडके यांच्या काळात हा अधिकार कादंबरीत आला होता. 'प्रतिभासाधन' (१९३१) मध्ये त्यांनी कथानकाची गुंतागुंत आणि वाचकाची उत्कंठा यांना तंत्राच्या केंद्रस्थानी आणले. प्रीतीच्या मार्गातील अडथळा ही त्यांच्या दृष्टीने रचनेची सामग्री होती. एकाच कादंबरीपुरते हे तंत्र निभावते, कारण शेवटचे पान ठरलेले असते आणि प्राप्त्याशेला फलागमाकडे जावेच लागते. तेच तंत्र न संपणाऱ्या मालिकेच्या हाती गेले की अडथळा हा साधन न राहता साध्य होतो. छोट्या पडद्यावर २०१३ ते २०१६ या काळात चाललेल्या 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील श्री आणि जान्हवी यांच्या दुरावा-मीलनाच्या आवर्तनांनी मराठी प्रेक्षकाला याचा पुरेसा अनुभव दिला. ती रहस्यकथा नव्हती. पण मालिकेचे अर्थकारण प्रणयकथेवर कोणता ताण आणते, हे तिने स्पष्ट केले.

याच ताणाला दोन इंग्रजी लेखिकांनी दिलेली उत्तरे तुलनेसाठी घेण्याजोगी आहेत. अमेरिकन लेखिका जॅनेट इव्हानोविच यांची स्टेफनी प्लम मालिका १९९४ मध्ये सुरू झाली आणि २०२३ मध्ये तिने तिसावा मुख्य टप्पा गाठला. न्यू जर्सीतील ही नायिका जामीन बुडवून पळालेल्यांना शोधून आणते. जो मोरेली हा पोलीस आणि रेंजर हा गूढ सहकारी यांच्यामध्ये ती दीर्घकाळ दोलायमान राहते. येथे रसांतर इतक्या नियमितपणे येते की तिच्या मोटारींचा विध्वंस हा मालिकेचा ठरलेला विनोद झाला आहे. या विनोदाची दखल घ्यावयास हवी. वय आणि परिणाम यांपासून सुटका देणारी आवर्तने हे प्रहसनाचे जुने सामर्थ्य आहे आणि प्रहसनाकडे नियताप्तीची मागणी करणे अन्यायाचे होईल. मात्र ज्या क्षणी मालिका या प्रेमाकडे गंभीरपणे पाहण्याची विनंती वाचकाला करते, त्या क्षणी ती ही सवलत गमावते.

डोरोथी सेयर्स यांचे उत्तर वेगळे आहे. 'स्ट्राँग पॉयझन' (१९३०) मध्ये लॉर्ड पीटर विम्झी हा हॅरिएट व्हेन या लेखिकेला फाशीपासून वाचवतो आणि तिला मागणी घालतो. रूढ कथेत येथे फलागम झाला असता. हॅरिएट नकार देते आणि 'हॅव हिज कार्केस' (१९३२) मध्येही नकारच देत राहते. वरवर पाहता हेच ते वैताग आणणारे युगुल होय. परंतु तिच्या नकाराचे कारण रसांतराच्या मर्मावर बोट ठेवते. ज्याने प्राण वाचवले त्याच्याविषयीची कृतज्ञता हे प्रेम नव्हे आणि ऋणको कधी समान होत नाही, हे ती जाणते. 'गॉडी नाइट' (१९३५) मध्ये सेयर्स यांनी कथा ऑक्सफर्डमधील एका कल्पित महिला महाविद्यालयात आणली. तेथे खून नाही. निनावी पत्रे आणि विध्वंस यांचे सत्र आहे. धोका आहे, पण तो पत्करण्याचा हॅरिएटचा अधिकार विम्झी मान्य करतो. तिला पंखाखाली घेण्याचा मोह तो आवरतो. हीच त्याची नती. अखेरची मागणी आणि तिचा स्वीकार विद्यापीठीय सभेच्या औपचारिक लॅटिन शब्दांत होतो, म्हणजे दोन समान सदस्यांच्या मतदानासारखा. पाच वर्षांचा हा विलंब वाचकाला खटकत नाही, कारण प्रत्येक नकाराने प्रश्न थोडा पुढे सरकलेला असतो.

भारतीय रहस्यकथेने बहुधा तिसरा मार्ग पत्करला : विवाह लवकर उरकून टाकण्याचा. शरदिंदु बंद्योपाध्याय यांच्या 'अर्थमनर्थम्' (१९३३) या कथेत ब्योमकेश बक्षीला सत्यवती भेटते आणि ती पुढे त्याची पत्नी होते. १९३६ नंतरच्या दीर्घ खंडानंतर १९५१ मध्ये 'चित्रचोर' या कथेने ब्योमकेश परतला, तो गृहस्थ म्हणूनच. १९५२ पासून पुण्यात स्थायिक झालेल्या या बंगाली लेखकाच्या उत्तरकालीन कथांत पती-पत्नींची कुरबुर भरपूर आहे. पण ती प्रणयमानाची आहे आणि तिचे निवारण साम-दानाने घरातच होते. रहस्याला तिच्याकडून इंधन मागावे लागत नाही. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारकथांतील विजयेचे स्थानही काहीसे असेच स्थिर आहे. या मार्गाचे मोल उघड आहे : येथे वैताग नाही, पण नायिकेच्या मनातील प्रश्नालाही जागा नाही. तो विवाहाबरोबर मिटलेला मानला जातो.

रसांतरावरचा सर्वांत कठोर अभिप्राय मात्र पंजाबच्या किस्सा परंपरेत सापडतो. चंडीगढसारख्या फाळणीनंतर उभ्या राहिलेल्या नगरात ही परंपरा सीमेपलीकडे राहिलेल्या भूगोलाची स्मृती म्हणूनही वाचली जाते. पीलूच्या नावाशी निगडित 'मिर्झा-साहिबां' ही पलायनाची, पाठलागाची, म्हणून खऱ्या अर्थाने प्रणय-रहस्याची कथा आहे. खरलांचा मिर्झा सियालांच्या साहिबांला तिच्या विवाहप्रसंगी घोडीवरून पळवून नेतो. वाटेत तो जंडच्या झाडाखाली झोपतो. भाऊ पाठलागावर आहेत, मिर्झाचा नेम अचूक आहे आणि तो जागा झाला तर भाऊ मरतील, हे साहिबांला ठाऊक आहे. ती त्याचे बाण निकामी करते. काही कथनांत मोडते, काहींत भाता झाडावर टांगते. भाऊ येतात आणि मिर्झा मारला जातो. येथे भय परमावधीला पोहोचले आहे. रूढ तंत्रानुसार याच क्षणी नायिकेची द्विधा विरून जावयास हवी होती. घडते ते उलटे. भयामुळे द्विधा उघडी पडते, कारण साहिबांला प्रियकर आणि भाऊ दोन्ही हवे आहेत आणि हा प्रश्न मिर्झाने तिला कधी विचारलेला नाही. लोकपरंपरेने तिला पुष्कळदा विश्वासघातकी ठरवले. परंतु आपल्या धनुष्यावर भिस्त ठेवून झोपी गेलेला प्रियकर आणि जागी राहिलेली प्रेयसी हे चित्र या निवाड्याला पुरत नाही. न विचारलेला प्रश्न भय सोडवीत नाही, ही गोष्ट किस्सा लपवीत नाही.

संस्कृत साहित्यशास्त्रातील संकल्पना अशा प्रकारे वापरताना तिची मर्यादाही ध्यानात ठेवली पाहिजे. मानाचे सहा उपाय मुख्यतः मुक्तक आणि नाट्यप्रसंग नजरेसमोर ठेवून सांगितलेले आहेत. रुसणारी स्त्री आणि समजूत घालणारा पुरुष ही त्यांतील वाटणी गृहीत आहे आणि मानाला काही न्याय्य कारण असू शकते, यापेक्षा तो कसा मोडावा याची चिंता तेथे अधिक आहे. हॅरिएट आणि साहिबां यांच्या कथा या वाटणीत बसत नाहीत. किंबहुना त्या तेथे बसत नाहीत म्हणूनच आज वाचनीय राहतात. जोआना रस यांनी १९७३ मध्ये आधुनिक गॉथिक कादंबरीवरील आपल्या निबंधाच्या शीर्षकातच, मला कोणीतरी ठार मारू पाहत आहे आणि तो माझा नवराच असावा, या आशयाची नायिकेची शंका मांडली होती. भय निर्माण करणारा आणि भयातून सोडवणारा पुरुष एकच असण्याची शक्यता या वाङ्मयप्रकाराच्या गाभ्यात आहे. त्यामुळे भयातील आलिंगनाला प्रेमाचा पुरावा मानणे हा केवळ रचनेचा दोष राहत नाही. भय वाटले म्हणजे नाते खरे, असा धडा त्यातून नकळत दिला जातो, आणि तो कथेबाहेरही गिरवला जातो.

या पार्श्वभूमीवर वाचकाच्या वैतागाला अरसिकतेचे लक्षण समजणे उचित नव्हे. तो एक अस्फुट पण अचूक समीक्षाव्यापार आहे. अशा युगुलाविषयी समीक्षेने विचारावयाचा प्रश्न ते किती वेळा दुरावले हा नसून, प्रत्येक मीलनाने दुराव्याच्या कारणाला स्पर्श केला की नाही, हा होय. तसा स्पर्श झाला असेल तर 'गॉडी नाइट'पर्यंतचा विलंबही सार्थ ठरतो. तो झाला नसेल, तर युगुल पहिल्याच पुस्तकात एकत्र आले तरी वाचकाला त्याच्याविषयी खात्री वाटत नाही. पर्वत पुन्हा हलेपर्यंत ते एकमेकांशी काय बोलतील, याचे उत्तर कथेपाशी नसते.