नटीच्या आयुष्याचा हिशेब

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका गृहस्थांनी मला गाठलं. म्हणाले, "सर, जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, आता नट्यांवर कशाला बोलता?" प्रश्न रास्त आहे. पण कृती माझी आणि कर्ता दुसराच, असं होतं का, हा तत्त्वज्ञानातलाच प्रश्न आहे. तो नटीइतका रोज कोणाला पडत असेल?

हंसा वाडकर घ्या. मूळची रतन साळगावकर. घरच्या गरजेपोटी लहान वयात सिनेमात आली, 1936 च्या 'विजयाची लग्ने'त दिसली. 'संत सखू', 'लोकशाहीर राम जोशी' ही पुढची नावं आपल्याला ठाऊक आहेत. तिनं आपली कहाणी सांगितली, ती 'सांगत्ये ऐका' या नावानं पुस्तक झाली. त्यावर श्याम बेनेगलांनी 1977 साली 'भूमिका' काढला. स्मिता पाटीलला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, आणि तो योग्यच होता. चिडलेली, थकलेली, तरी न वाकणारी उषा तिनं नुसत्या नजरेतून उभी केली.

चित्रपट मोठा आहे. तरी माझी एक तक्रार आहे. तो नटीचं आयुष्य पुरुषांच्या नावांनी मोजतो. नवरा केशव, मग राजन, मग सुनील वर्मा, मग विनायक काळे, अशी जणू प्रकरणं पडतात. आजीकडचं गाणं दिसतं, सेट दिसतात, पण ती कामात तयार कशी झाली, एखादा प्रसंग तिला का साधला, हे मात्र हाती लागत नाही. शेवटी ती हॉटेलच्या खोलीत एकटी, आणि फोन वाजतोय. म्हणजे बाई स्वतंत्र झाली की एकटी पडली, एवढंच आपण घेऊन घरी जातो.

आता काळेचा वाडा आठवा. अंथरुणाला खिळलेली पहिली बायको, सासू, लहान मुलगा. उषा तिथं रमते, पण मुलाला घेऊन बाहेर पडायची परवानगी मिळत नाही. हंसाबाईंच्या आठवणीतला हा काळ आपल्याच मराठवाड्यातल्या एका खेड्यातला आहे, बरं का. हिंगोलीत बसून हे बोलताना मला अवघडल्यासारखं होतं. मुंबईच्या मायानगरीनं बायका बिघडतात, असं आपण म्हणत आलो. इथं कोंडलं ते मायानगरीनं नव्हे, घरंदाज वाड्यानं.

आणि खऱ्या हंसाबाई त्या दारातून बाहेर पडून पुन्हा कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. 1959 चा अनंत मानेंचा 'सांगत्ये ऐका' पुण्याच्या विजयानंदमध्ये 131 आठवडे चालला. आत्मकथनाला त्यांनी नाव दिलं ते या चित्रपटाचं, कोणा पुरुषाचं नव्हे. स्वतःची ओळख त्या कशात शोधत होत्या, हे यातून कळत नाही का?

याच्याही आधी शांता आपटे होती. 'कुंकू'मधली नीरा. करार आणि पगाराच्या वादातून 1939 मध्ये ती पुण्यात प्रभातच्या दारात उपोषणाला बसली. पुढच्याच वर्षी 'जाऊ मी सिनेमांत?' हे पुस्तक लिहिलं. शीर्षकातलं प्रश्नचिन्ह बघा! नटी म्हणजे काम करणारी बाई, तिला करार असतो, दाम असतो, हे तिनं तेव्हाच ठणकावलं. पण आपल्या लक्षात काय राहिलं? तिचा तापट स्वभाव. पुरुषानं हक्क मागितला तर तो बाणेदार, बाईनं मागितला तर भांडखोर.

म्हणून नटीचं चरित्र वाचताना "तिला सुख मिळालं का?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. हा प्रश्न आपण दिलीपकुमारबद्दल पहिल्यांदा विचारत नाही. तीन साधे प्रश्न विचारा. करारावर सही कोणाची? पैसा कोणाच्या हातात? आणि 'नाही' म्हणायची मुभा तिला होती का? बाकीचं, दारू, लग्नं, भानगडी, त्यानंतर वाचा. अर्थ बदललेला दिसेल.

हे प्रश्न नटीपुरतेच राहत नाहीत. आपल्या गल्लीतल्या शिक्षिकेचा पगार दर महिन्याला खात्यात जमा होतो. तिचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असतं, ते आज घरी गेल्यावर बघा. हंसा वाडकर मग फार लांबची वाटणार नाही.